धंद्यातील ‘कदाचित’चा हिशेब

मालाची खरेदी, कारागिरांची मजुरी, येणे-देणे यांचा हिशेब आपले व्यापारी बांधव चोख ठेवतात. पण उद्या माल किती खपेल, ऑर्डर वेळेवर पुरी होईल का, कोणाची उधारी बुडेल, या गोष्टी मात्र अंदाजावर सोडल्या जातात. ‘उद्याचे कोणाला ठाऊक?’ असे म्हणून आपण मोकळे होतो. उद्याचे कोणालाच ठाऊक नाही हे खरे, आणि गणितही गैबची बातमी देत नाही. परंतु जे नक्की ठाऊक नाही त्याचाही हिशेब मांडता येतो. त्या हिशेबालाच संभाव्यता म्हणतात. दहावीच्या बीजगणितात आपली मुले हा धडा शिकतात. तो दुकानात आणि कारखान्यात कसा उपयोगी पडतो, ते आज आपण पाहू.

सुरुवात मोजणीपासून

संभाव्यता म्हणजे 0 आणि 1 यांच्या दरम्यानची संख्या. जे घडणारच नाही त्याची संभाव्यता 0, जे नक्की घडणार त्याची 1. नाणे उडवले तर छापा पडण्याची संभाव्यता अर्धी, म्हणजे 0.5. नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्या असल्याने हे मोजल्याशिवायही सांगता येते. धंद्यात मात्र सगळ्या बाजू सारख्या नसतात. तेथे मागचे दिवस मोजावे लागतात. 100 दिवसांपैकी 20 दिवस एखादी गोष्ट घडली असेल, तर तिची संभाव्यता अंदाजे 0.2 धरायची.

मोजण्यातून अर्थ काढण्याची ही रीत जुनी आहे. नवव्या शतकात अल-किंदी या विद्वानाने गुप्त लिपी उलगडण्यासाठी कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजण्याची पद्धत लिहून ठेवली. पुढे 1654 साली फ्रान्समध्ये पास्कल आणि फर्मा यांनी पत्रव्यवहारातून संभाव्यतेचे नियम मांडले. 1713 साली याकोब बर्नुली यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. मोजणी जितकी वाढवावी, तितका आपला आकडा खऱ्या संभाव्यतेच्या जवळ जाण्याचा भरवसा वाढतो, हे त्यांनी त्यात सिद्ध केले. म्हणून आठ-दहा दिवसांच्या नोंदीवर मोठा निर्णय घेऊ नये.

पावाच्या लाद्यांचे उदाहरण

समजा, एक दुकानदार बेकरीतून रोज पावाच्या लाद्या घेतो. खरेदी 16 रुपये, विक्री 20 रुपये. उरलेली लादी दुसऱ्या दिवशी टोस्टवाला 4 रुपयांना नेतो. म्हणजे विकलेल्या लादीमागे 4 रुपये नफा, उरलेल्या लादीमागे 12 रुपये तोटा. त्याने 100 दिवस मागणी टिपली, ती अशी :

40 लाद्या – 10 दिवस
50 लाद्या – 20 दिवस
60 लाद्या – 40 दिवस
70 लाद्या – 20 दिवस
80 लाद्या – 10 दिवस

रोजची मागणी ही बदलती संख्या आहे. उद्या यांपैकी कोणती येईल ते सांगता येत नाही, पण प्रत्येकीची संभाव्यता माहीत आहे. अशा संख्येला संख्याशास्त्रात यादृच्छिक चल म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट रोजच्या पाहण्यातली आहे.

प्रत्येक मागणीला तिच्या संभाव्यतेने गुणून बेरीज करा : 4 + 10 + 24 + 14 + 8 = 60. याला अपेक्षित मूल्य म्हणतात, म्हणजे दीर्घकाळची सरासरी. मग दुकानदाराने रोज 60 लाद्या घ्याव्यात काय? बरेच जण ‘हो’ म्हणतील. काही जण तर गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून 70 घेतील. आता नफ्याचाच हिशेब करून पाहू.

40 घेतल्या तर सगळ्या रोज खपतात. नफा 160 रुपये.

50 घेतल्या तर 100 पैकी 90 दिवस सगळ्या खपतात आणि 200 रुपये मिळतात. उरलेल्या 10 दिवशी 40 खपतात, 10 उरतात. 160 वजा 120, म्हणजे 40 रुपये. सरासरी नफा 184 रुपये.

60 घेतल्या तर 70 दिवस 240 रुपये मिळतात, 20 दिवस 80 रुपये, आणि 10 दिवस उलट 80 रुपये खिशातून जातात. सरासरी 176 रुपये.

70 घेतल्या तर याच रीतीने सरासरी फक्त 104 रुपये येते.

सरासरी मागणी 60 असूनही 50 लाद्या घेणेच फायद्याचे ठरते. कारण उघड आहे. पन्नासाच्या पुढची लादी खपण्याची संभाव्यता 0.7 आहे. खपली तर 4 रुपये, उरली तर 12 रुपयांचा फटका. म्हणजे 2.80 मिळवण्यासाठी 3.60 घालवायचे. 50 आणि 70 यांतला फरक रोजचा 80 रुपये; 300 दिवसांत 24,000 रुपये. जेथे नफा मोठा आणि उरल्या मालाचा तोटा किरकोळ, तेथे हेच गणित सरासरीहून जास्त माल ठेवायला सांगेल.

नोंद करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. माल संपल्यावर रिकामी परत गेलेली गिऱ्हाइकेही टिपावीत, नाहीतर मागणी खऱ्यापेक्षा कमी दिसते. आणि रमजान, ईद, लग्नसराई यांची नोंद वेगळी ठेवावी. त्या दिवसांची मागणी निराळीच असते.

तीन हातांतून जाणारे काम

मालेगाव-भिवंडीच्या कारखानदारांना हा प्रश्न नेहमी पडतो. कापडाची ऑर्डर विणकाम, रंगकाम आणि वाहतूक अशा तीन हातांतून जाते. प्रत्येक काम वेळेवर होण्याची संभाव्यता 0.9 आहे आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, असे समजू. तिन्ही वेळेवर होण्यासाठी गुणाकार करायचा : 0.9 × 0.9 × 0.9 = 0.729. तिन्ही माणसे भरवशाची असूनही चारांतली जवळपास एक ऑर्डर उशिरा जाणार. तेव्हा पार्टीला तारीख देताना चार दिवस हाताशी ठेवलेले बरे.

पण ‘एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही’ ही अट विसरू नये. पाच गिऱ्हाइकांना प्रत्येकी 5,000 रुपये उधार दिले आणि प्रत्येकाची उधारी बुडण्याची संभाव्यता 0.1 आहे असे समजा. अपेक्षित नुकसान 2,500 रुपये. पाचही जण वेगवेगळ्या धंद्यांतले असतील, तर सगळे एकदम बुडण्याची शक्यता लाखात एक. पण पाचही जण एकाच बाजारावर पोट भरणारे असतील, तर एका मंदीत पाचही हात वर करतील. तेथे गुणाकार चालत नाही. अपेक्षित नुकसान तेच राहते, धोका मात्र कितीतरी वाढतो. उधारी एकाच गल्लीत वाटू नये, हा जुन्या व्यापाऱ्यांचा शिरस्ता या गणिताला धरूनच आहे.

एक गैरसमज

‘चार दिवस बोहनी खराब गेली, आज तरी चांगली होणारच’ असे पुष्कळ जण मानतात. नाण्याला मागचे आठवत नाही. चार वेळा काटा पडला म्हणून पाचव्यांदा छापा पडण्याची शक्यता वाढत नाही. लॉटरीचा नाद लागतो तो याच समजुतीने. समजा, 10 रुपयांची एक लाख तिकिटे विकली आणि एकूण बक्षिसे 5 लाखांची ठेवली. प्रत्येक तिकिटाचे अपेक्षित मूल्य 5 रुपये. म्हणजे घेताक्षणी अर्धी रक्कम गेली. फाशांच्या खेळातून निघालेले हे शास्त्र शेवटी जुगारापासून दूर राहण्याचाच सल्ला देते.

आमची सूचना एवढीच. दोन-तीन रुपयांची नव्हे, चांगली जाड वही घ्या. तारीख, आणलेला माल, खपलेला माल, उरलेला माल आणि परत गेलेली गिऱ्हाइके असे पाच रकाने आखा. रात्री दुकान बंद करताना पाच मिनिटे द्या. शंभर दिवसांनी दहावीतल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून वरचे गणित आपल्या आकड्यांनी सोडवा. रोजचा खरेदीचा आकडा मग सवयीने ठरणार नाही, हिशेबाने ठरेल.