नक्षीच्या आधी नळी

जुन्या शस्त्रांचा संग्रह करणाऱ्याच्या मनाला प्रथम भुरळ घालते ती नक्षी. आणि जपानातील साकाई येथे घडविलेल्या तोड्याच्या बंदुकीवर, काळसर लोखंडी नळीच्या पाठीवर रुप्या-पितळेचे जडावकाम व कुलचिन्हे उमटलेली पाहिली, म्हणजे हे संहाराचे साधन आहे याचाही काही काळ विसर पडतो. १५४३ साली तानेगाशिमा बेटावर आलेल्या पोर्तुगीजांकडून तेथील तरुण अधिपती तोकिताका याने दोन बंदुका विकत घेतल्या, स्थानिक लोहारांनी त्यांचे अनुकरण आरंभिले, आणि पुढे साकाई, कुनितोमो व नेगोरो ही गावे या विद्येची माहेरघरे झाली. या बंदुकांच्या चापाची रचना गोवा-मलाक्का येथील पोर्तुगीज अमदानीतील बंदुकांशी मिळतीजुळती असल्याचे अभ्यासकांनी दाखविले असल्यामुळे, आपल्याकडील संग्राहकास त्यांच्याविषयी विशेष ममत्व वाटावे हे स्वाभाविकच आहे.

तेच ममत्व मनात धरून मी ओसाका परिसरातील एका पेढीवर अशी एक बंदूक पाहावयास गेलो. दस्त्यावर पितळी पाने-फुले होती, नळीवर रुपेरी वेलबुट्टी होती, आणि सोबत नोंदणीचा दाखलाही होता. परंतु दाखल्यात लिहिलेली नळीची लांबी व छिद्राचा व्यास मी पट्टी लावून ताडून पाहू लागलो, तेव्हा दोन्ही आकडे जुळेनात. दाखला एका बंदुकीचा आणि बंदूक दुसरीच, हे उघड झाले, व मी तो सौदा तेथेच सोडला. त्या दिवसापासून जिज्ञासूंना मी एकच क्रम सांगत आलो आहे: आधी दाखला, मग नळी, आणि सर्वांत शेवटी नक्षी.

दाखल्याचे महत्त्व असे की, १९५८ च्या जपानी शस्त्र-कायद्यान्वये जुनी बंदूक कलावस्तू वा पुरातन वस्तू म्हणून बाळगता येते ती केवळ या नोंदणीच्या बळावर, आणि ही नोंदणी प्रांताचे शिक्षण मंडळ करते. जपानी बनावटीची बंदूक साधारणतः १८६७ पूर्वीची असावी लागते. परदेशी बनावटीची असल्यास ती त्याच सुमारापूर्वी जपानात आलेली असावी लागते, केवळ जुनी असून भागत नाही. खरेदी झाल्यावर २० दिवसांच्या मुदतीत नव्या मालकाने मंडळास कळविणे बंधनकारक आहे. वडिलोपार्जित कोठारात बिनदाखल्याची बंदूक सापडली, तर ती विकावयास न काढता प्रथम पोलिसांस वर्दी द्यावी व नंतर मंडळाच्या परीक्षेस न्यावी. एकंदर लांबी, नळीची लांबी, छिद्राचा व्यास आणि नळीवरील लेख हे सर्व तपशील दाखल्यात असतात. ते एकेक करून स्वतः पडताळावे, विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये.

नळीची परीक्षा याहून नाजूक आहे. कारागिराचे नाव बहुधा नळीच्या खालच्या अंगास, दस्त्याच्या आड कोरलेले असते. दस्त्यातील खुंट्या जाणकाराकडून काढवून ते वाचून घ्यावे. लोखंडाची पट्टी नळीभोवती पुन्हा गुंडाळून जी दुहेरी नळी घडवीत, तिचा उल्लेखही कित्येकदा याच लेखात आढळतो. गोळीच्या वजनावरून, म्हणजे मोम्मे या मापाने, बंदुकीची प्रत सांगण्याचा तेथे शिरस्ता असून १ मोम्मे ३.७५ ग्रॅमचा होतो. विक्रेत्याने सांगितलेले मोम्मे आणि छिद्राचा व्यास यांचा मेळ बसतो की नाही, हेही पाहावे. साध्या बंदुकीवर मागाहून जडावकाम करून किंमत चढविण्याचा प्रकार संग्राहकांस अपरिचित नाही. म्हणून ज्या बंदुकीचे लोखंड झिजलेले पण नक्षीच्या कडा मात्र तीक्ष्ण, तिच्याविषयी संशय धरावा.

भारतात वस्तू आणावयाची असल्यास अधिक सावध राहावे, कारण १९५९ च्या आपल्या शस्त्र-कायद्यातील सूट ही दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या पुरातन शस्त्रांपुरतीच आहे. तेव्हा दोन्ही देशांतील संबंधित कचेऱ्यांकडून लेखी खातरजमा झाल्यावाचून पैसे मोजू नयेत.

एवढे सारे जुळले, की मग नक्षीकडे मनसोक्त पाहावे. कारण ज्या हातांनी ते लोखंड घडविले त्यांची ओळख पटल्यावर त्यांच्या कलेचे मोल खऱ्या अर्थाने कळते, आणि संग्राहकाच्या घरी ती वस्तू निर्वेधपणे पुढील पिढीच्या हाती जाते.