लहान व्यवसाय आणि सम्यक आजीविका

सामाजिक दायित्व म्हटले की मोठे कारखाने, त्यांचे न्यास आणि देणगीचे फलक डोळ्यांपुढे येतात. कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ अशांसाठीच आहे. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करावयाचे असतात. देगलूरच्या बाजारातील किराणा दुकान, शिवणकामाची टपरी किंवा चहाचे हॉटेल या कक्षेत येत नाही. आमचे कित्येक माजी विद्यार्थी आज असेच व्यवसाय करीत आहेत. कायद्याने सोडले म्हणून त्यांच्यावर काही दायित्व नाही, हे आम्हांला मान्य नाही. आणि ते पाळल्याने तोटाच होतो, हेही नाही.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला सहा दिशांचा अर्थ समजावून दिला आहे. त्यात मालकाने सेवकांसाठी करावयाच्या पाच गोष्टी येतात : झेपेल तेवढेच काम सांगणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, घरी काही विशेष गोडधोड झाल्यास त्यात वाटा देणे आणि वेळोवेळी सुटी देणे. हे झाल्यावर सेवकांकडून काय मिळते, तेही लगेच सांगितले आहे. ते मालकाच्या आधी उठतात, नंतर झोपतात, दिले तेवढेच घेतात, काम नीट करतात आणि बाहेर मालकाचे नाव चांगले करतात. हा शेवटचा लाभ दुकानदाराने विशेष ध्यानात घ्यावा. तीन राज्यांच्या सीमेवरील आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी गिऱ्हाइके येतात. एखाद्या दुकानात माप खरे आहे की नाही, हे कामगाराच्या तोंडून जेवढे पसरते तेवढे फलकावरून पसरत नाही. याच सुत्तात मिळकतीचे चार वाटे केले आहेत : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून. दानाचा वेगळा वाटा तिथे नाही, याचे आमच्या विद्यार्थ्यांना नेहमी नवल वाटते.

काउंटरवर कोणाला उभे करावे, हा प्रश्न मात्र आपल्या समाजात वेतनाइतकाच जुना आहे. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत गुंतवणुकीचा सल्ला देणारी पेढी काढली होती. जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. नुकसान एकट्या बाबासाहेबांचे झाले नाही. एवढा जाणता सल्लागार त्या गिऱ्हाइकांनीही गमावला. याच्या उलट उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या या गृहस्थांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. तिथे अस्पृश्यता पाळू दिली नाही आणि शिक्षा भोगून आलेल्यांनाही रखवालीचे काम दिले. बाहेर कोणी उभे करीत नव्हते, अशी माणसे त्या कारखान्याला मिळाली.

आपल्या भागात या विचाराचा खरा कस कृषी सेवा केंद्रात लागतो. अंगुत्तरनिकायात उपासकासाठी पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत. शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष. कीटकनाशक हे विष की पिकाचे औषध, यावर आमच्याकडे वाद रंगतात. विक्रेता काय सांगून विकतो, यावर ते ठरते, असे आमचे मत आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. मनाने औषधे एकत्र करू नका, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, नाक-तोंड झाका, एवढे सांगण्यास पाच मिनिटे पुरतात. त्याने एखादी बाटली कमी खपेल. परंतु मृगात उधारीवर दिलेल्या बी-बियाण्याचे पैसे सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीच्या सुमारास येतात. शेतकरी धडधाकट राहिला आणि त्याच्या खर्चाचा मेळ बसला, तरच ती वही पुरी होते.

पोरांविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. चौदा वर्षांखालील मुलास हॉटेलात वा दुकानात कामाला ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. स्वस्त हात म्हणून तो पोर पत्करला, तर शाळा सुटते आणि दहा वर्षांनी त्याच मालकाला वहीखाते लिहिणारा माणूस गावात मिळत नाही. दहावी झालेल्या मुला-मुलींना मात्र उन्हाळी सुटीत ठरलेल्या तासांचे, ठरलेल्या वेतनाचे काम देता येईल : मालाची नोंद, बिले, मोबाइलवरील देवघेव. या तिन्ही गोष्टी ती मुले आपल्या दुकानदारांपेक्षा लवकर शिकतात, असा आमचा अनुभव आहे.