घरातलं कासव कुणाच्या हाती द्यावं?

प्रश्न : काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एकांनी माझ्या मुलीला बाजारातून छोटंसं कासव आणून दिलं. पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या आहेत. आता ते वीतभर झालंय. मुलगी शिकायला बेळगावला निघालीय, सासूबाईंच्यानं आता होत नाही आणि मी दिवसभर कामावर. त्याला मायेनं सांभाळणारं दुसरं घर कसं शोधावं? शेजारी म्हणतात, दारात एवढं जंगल आहे, नेऊन सोडा. सोडावं का?
– एक वाचक, लोंढा

उत्तर : ताई, जंगलात सोडू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं आज घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

तुमच्या वर्णनावरून ते तारांकित कासव दिसतं. काळपट, घुमटासारखी पाठ आणि कवचाच्या प्रत्येक तुकड्यावर मधल्या पिवळ्या ठिपक्यातून चहूकडे फुटलेल्या रेघा, ही त्याची खूण. हा जीव कोरड्या मुलखाचा. गुजरात-राजस्थानचा काही भाग, आंध्र, तमिळनाडू आणि कर्नाटकातले कमी पावसाचे माळ, पलीकडे श्रीलंका, अशा खुरट्या गवताच्या आणि काटेरी झुडपांच्या जागी ते राहतं. लोंढ्याचं जंगल अगदी उलट. खानापूर तालुक्याची ही पश्चिम बाजू, भीमगड अभयारण्याच्या अंगाची, जून लागला की चार महिने ओलीचिंब असते. अशा ओलीत तारांकित कासवाला श्वसनाचे आजार होतात. नाक वाहतं, तोंड उघडं टाकून ते श्वास घेऊ लागतं आणि खाणं सोडतं. त्यातच हे कासव तुमच्या हातचं खाऊन वाढलंय. चारा शोधणं, कुत्र्या-मुंगसापासून लपणं त्याच्या अंगवळणी पडलेलं नाही. शिवाय घरात राहिलेल्या प्राण्याबरोबर माणसांतले आणि पाळीव जनावरांतले जंतू जंगलात जातात, त्याची झळ तिथल्या कासवांना बसू शकते.

मग पूर्वेकडच्या एखाद्या कोरड्या माळावर नेऊन सोडलं तर? तेही नको. वायव्य भारतातली आणि दक्षिणेतली तारांकित कासवं आनुवंशिकदृष्ट्या वेगळी असल्याचं संशोधनातून दिसलंय. बाजारातून आलेल्या कासवाचं मूळ कोणतं, हे पाठीवरची नक्षी बघून तुम्हा-आम्हाला सांगता येत नाही, आणि चुकीच्या मुलखात सोडलं तर या वेगळ्या वंशांची सरमिसळ होऊ शकते.

आता तुमचा मूळ प्रश्न, दुसऱ्या घराचा. तुमची कळकळ पोचली, म्हणूनच स्पष्ट लिहितो. या कासवासाठी दुसरं खासगी घर शोधताच येणार नाही. ते विकणं, कुणाला देणं, इतकंच काय, विनापरवाना घरात ठेवणं हाही गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात 2022 साली झालेली दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि तारांकित कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत आलं. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड. हे घाबरवायला सांगत नाही. पण तुम्ही ज्या भल्या माणसाच्या घरी ते द्याल, त्यालाही आपण याच अडचणीत ढकलू.

तेव्हा ते वनखात्याच्या स्वाधीन करावं, दुसरा मार्ग नाही. लोंढ्याच्या रेंज ऑफिसात जा किंवा वनखात्याच्या 1926 या मदतवाहिनीवर फोन करा. आधी एक अर्ज लिहा. कासव कसं आलं, कधीपासून आहे, काय खातं, आणि आपण स्वखुशीनं देतो आहोत, एवढं सरळ लिहा. कन्नडमध्ये लिहून देणारं कुणी असेल तर बरं. त्या भाषेत तारांकित कासवाला ‘नक्षत्र आमे’ म्हणतात. सोबत एखादे वकील किंवा गावातलं जाणतं माणूस असू द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. वन्यप्राणी हाती आल्यापासून 48 तासांत कळवावं, असं कायदा म्हणतो. ती मुदत कधीच उलटून गेली आहे, त्यामुळे कोणतीही कारवाई होणारच नाही अशी हमी मी देऊ शकत नाही. तरी आपण होऊन दार ठोठावणारा आणि धाडीत सापडणारा यांत फरक असतोच. उशीर करू नका.

‘सरकारी जागी त्याचे हाल होतील’ ही धास्ती तुमच्या मनात असणार. जागा कुठली, हे खातं ठरवेल. काही कासवं प्राणिसंग्रहालयात राहतात, बेळगावजवळ भुतरामनहट्टीला एक आहेच. काहींना तपासणीनंतर रानात परतही जाता येतं. 2018 च्या नोव्हेंबरात सिंगापूरमध्ये बेकायदा पाळलेली 51 तारांकित कासवं तिथल्या प्राणिमित्र संस्थेनं सोडवून विमानानं बेंगळुरूला पाठवली. ती आपल्याच कर्नाटकात वेगळी ठेवून, तपासून, हळूहळू रानाची सवय लावून सोडण्याची योजना वनखात्यानं आणि ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेनं आखली. मुलीला हे जरूर सांगा. आणखीही एक सांगा, ती आता कळत्या वयाची आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, व्यापाराच्या एकाच केंद्राभोवती वर्षाला किमान 55 हजार तारांकित कासवं रानातून उचलली जातात, असा अंदाज निघाला. म्हणून 2019 साली या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. तिचं कासव बहुधा त्याच वाटेनं आलं. त्यात तिचा काही दोष नाही, पण त्याच्या जागी दुसरं आणू नये. कासव घरात असलं की पैसा येतो, अमुक इतकी नखं असली की धनलाभ होतो, असं सांगणाऱ्यांवर हाच चोरटा धंदा जगतो.

हा प्रश्न इतर घरांतही असेल. तिथलं कासव हिरवट, पाण्यात राहणारं आणि डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं असेल, तर ते अमेरिकेतलं परदेशी कासव. रुपयाएवढं असताना घेतलेलं हे पिल्लू थाळीएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं सहज जगतं. त्याला मात्र दुसरं घर शोधता येतं. मोठं टाकं, ऊन शेकायला कोरडी जागा आणि पाणी बदलायची तयारी असलेला माणूस बघा. विहिरीत, तळ्यात किंवा मलप्रभा-म्हादईच्या पाण्यात ते कधीही सोडू नका. जगातल्या सर्वांत उपद्रवी आगंतुक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे, आपल्या कासवांचं अन्न आणि जागा ते बळकावतं.

ताई, वनखात्याच्या हवाली करेपर्यंत तुमच्या तारांकित कासवाला रोज सकाळचं ऊन द्या, पण आसऱ्याला जाण्याजोगी सावलीही ठेवा. खायला गवत, जास्वंदीची पानं-फुलं, शेवग्याचा पाला. दूध, पोळी, भात बंद. पाणी उथळ ताटलीत; हे जमिनीवरचं कासव आहे, बादलीत बुडून मरतं. न्यायच्या दिवशी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाशी कोरडं गोणपाट घाला आणि त्याला पालथं करू नका. उचलताना दोन्ही हातांनी, जमिनीलगत धरा. घाबरलं तर ते अंगातलं साठवलेलं पाणी सोडून देतं, म्हणून निघण्याआधी अर्धा तास कोमट पाण्यात, हनुवटीच्या खालपर्यंतच, बसवून ठेवा.