मन उतरलं तर काय करायचं?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी ओसरलं, घरं धुऊन झाली; पण अनेकांचं मन पुढं कितीतरी दिवस सावरलं नाही.

मन उतरलं की माणूस आधी कामं सोडतो, मग माणसं. पडून राहिल्यानं मन आणखी खचतं. म्हणून बरं वाटायची वाट पाहू नका. आधी एक छोटं काम करा. बरं वाटणं मागून येतं.

रोज ठरल्या वेळी उठा. सकाळच्या उन्हात २० मिनिटं चाला. जेवण चुकवू नका. संध्याकाळनंतर चहा टाळा. शेजारी कुणाशी तरी बोला, विहारात जाऊन बसा. दारूनं दुःख बुडत नाही. दुसऱ्या दिवशी मन जास्तच उतरतं.

२ आठवडे झाले तरी उदास वाटतं, झोप-भूक नाही, कशातच रस नाही, तर तो आळस नव्हे. आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. सीपीआरमध्ये मानसोपचार डॉक्टरांना दाखवा.

जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि १४४१६ वर ‘टेलि-मानस’ला फोन लावा. २०२२ पासूनची ही सरकारी सेवा मोफत आहे, २४ तास चालते, मराठीत बोलता येतं.