झाकण उघडण्याचा हक्क

मराठी वाङ्मय मंडळाच्या अंकात कॉम्प्युटर दुरुस्तीवर लेख कशाला, असं कोणी विचारेल. माझं उत्तर साधं आहे. हा अंक आपण टाइप करतो, जुळवतो आणि वाचतो तो यंत्रावरच. आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी फीच्या खालोखाल शिक्षणावरचा मोठा खर्च म्हणजे लॅपटॉप. तो तीन वर्षांत बाद होणार की आठ वर्षं चालणार, हे आपण तो किती जपून वापरतो एवढ्यावरच ठरत नाही. तो कसा बनवला आहे यावरही ठरतं. मी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला शिकते. या वर्षी प्रोजेक्टसाठी मी हाच विषय घेतला. त्यातून जे समजलं ते इथे सोप्या भाषेत मांडते.

दुरुस्त होण्याजोगं म्हणजे काय?

'दुरुस्त होतं' किंवा 'होत नाही' असं दोन शब्दांत सांगून भागत नाही. वस्तूला पाच प्रश्न विचारावे लागतात. ती न मोडता उघडता येते का? बिघडलेला भाग सुटा निघतो का? तो भाग बाजारात, परवडेल अशा किमतीला मिळतो का? दुरुस्तीची माहिती मिळते का? आणि नवा भाग बसवल्यावर यंत्र तो स्वीकारतं का? फ्रान्सने जानेवारी 2021 पासून लॅपटॉप, स्मार्टफोन, टीव्ही अशा काही वस्तूंवर दुरुस्तीचा गुणांक छापणं सक्तीचं केलं. 10 पैकी गुण दिले जातात आणि त्यात माहिती, उघडण्याची सोय, भागांची उपलब्धता, भागांची किंमत हेच निकष असतात. फ्रिजवरचे विजेचे तारे पाहून आपण फ्रिज घेतो, तसंच हे.

चार कुलपं

पहिलं कुलूप स्क्रूचं. 2009 मध्ये ॲपलने मॅकबुक प्रोच्या बॅटरीला पाच पाकळ्यांचा एक नवा स्क्रू लावला. पुढे तोच आयफोनलाही आला. घरातल्या कोणत्याही स्क्रू ड्रायव्हरने तो निघत नव्हता. हे कुलूप मात्र लवकर फुटलं, कारण तसा ड्रायव्हर इतरांनीही बनवला. आज तो कोणत्याही मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात असतो.

दुसरं कुलूप गोंदाचं. बॅटरी हा लॅपटॉपमधला झिजणारा भाग. सायकलच्या टायरसारखी ती कधीतरी बदलावीच लागते. पूर्वी खालची खिटी सरकवली की बॅटरी हातात यायची. 2012 च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये ती आतल्या सांगाड्याला चिकटवलेली होती. चिकटवलेली लिथियम बॅटरी ओढून काढताना वाकली किंवा तिला टोक लागलं तर पेट घेऊ शकते. म्हणजे साधं काम धोक्याचं होऊन बसतं.

तिसरं कुलूप झाळकामाचं. सोल्डर करणे याला आपल्याकडे झाळणे असा जुना शब्द आहे. रॅम पूर्वी खाचेत बसायची. आता अनेक लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवर झाळलेली असते, काहींमध्ये स्टोरेजसुद्धा. चिपच्या पोटाखाली मोहरीपेक्षाही बारीक शेकडो गोळे असतात. ती काढायला गरम हवेचं मशीन लागतं आणि तयार हात लागतो. 8 जीबीचा लॅपटॉप घेतला आणि दोन वर्षांनी 16 जीबी लागली, तर अख्खा लॅपटॉपच बदलायचा.

चौथं कुलूप डोळ्यांना दिसत नाही. ते सॉफ्टवेअरचं. भागावर एक क्रमांक नोंदलेला असतो आणि यंत्र तो तपासून बघतं. हे आजचंच नाही. जुन्या थिंकपॅडमध्ये कंपनीच्या यादीत नसलेलं वाय-फाय कार्ड बसवलं की 1802 क्रमांकाची चूक दाखवून यंत्र सुरूच व्हायचं नाही. कार्डात काही दोष नसायचा, फक्त त्याचं नाव यादीत नसायचं. 2021 मध्ये आयफोन 13 चा स्क्रीन बाहेरच्या दुकानात बदलला की चेहरा ओळखण्याची सोय बंद पडत होती. ओरड झाल्यावर ॲपलने सॉफ्टवेअर बदलून ते सुधारलं. म्हणजे अडचण मुळात तांत्रिक नव्हती हे उघडच झालं. पहिली तीन कुलपं कौशल्याने उघडतात. चौथ्याची किल्ली दुसऱ्याच्याच हातात असते.

नकाशा नसलेलं घर

माझ्या मते या सगळ्यांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे माहिती. मदरबोर्डचा आराखडा, म्हणजे सर्किट डायग्रॅम. आपल्याकडचे कारागीर त्याला सरळ 'नकाशा' म्हणतात.

वर्गातल्या एका मैत्रिणीचा लॅपटॉप अचानक मेला. बटण दाबलं तरी काहीच नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, मदरबोर्ड बदला, 31 हजार. लॅपटॉप घेतला होता 46 हजारांना. तिच्या वडिलांनी दुसरा घेण्याचं मनावर घेतलं होतं. पण मी प्रोजेक्टसाठी गावातल्या ज्या दुरुस्तीवाल्या अण्णांकडे जाऊन बसत होते, त्यांना आधी दाखवूया म्हटलं.

अण्णांनी काय केलं ते सांगते, कारण त्यात अभ्यास आहे. बोर्डवर वीज वेगवेगळ्या दाबाच्या वाटांनी फिरते. कुठे 19 व्होल्ट, कुठे 5, कुठे 3.3, तर प्रोसेसरजवळ जेमतेम 1. त्यांनी मीटर लावून कोणती वाट जमिनीला टेकली आहे, म्हणजे शॉर्ट आहे, ते शोधलं. मग त्या वाटेत बाहेरून अगदी कमी दाबाची वीज सोडली आणि बोर्डवर स्पिरिटसारखं पटकन उडणारं द्रव्य शिंपडलं. एका ठिकाणचा ओलावा लगेच उडाला. जिथे शॉर्ट तिथे उष्णता! तिथे तिळाएवढा एक कपॅसिटर होता. तो काढला, तसाच दुसरा लावला आणि लॅपटॉप सुरू झाला. भागाची किंमत दोन-तीन रुपये, मजुरी 1,800.

मी विचारलं, "अण्णा, असं नेहमी जमतं?" ते म्हणाले, "ह्याचा नकाशा माझ्याकडं होता म्हणून जमलं गं. नकाशा नसला की अंधारात भिंत चाचपत बसायचं. कुठल्या वाटेवर किती व्होल्ट पाहिजे तेच ठाऊक नसलं, तर बिघाड म्हणायचा तरी कशाला?"

हा नकाशा कंपनी देत नाही. तो कुठून तरी बाहेर पडतो आणि कारागीर एकमेकांना देतात. ज्या मॉडेलचा मिळाला ते वाचतं, बाकीचं भंगारात जातं. आपल्या बेळगावात उद्यमबागेतला टर्नर मशीनचा तुटलेला दांडा हातात घेतो, माप काढतो आणि लेथवर नवा करून देतो. तिथे वस्तू स्वतःच स्वतःचा नकाशा असते. सर्किट बोर्डचं तसं नाही. त्यात तारांचे अनेक थर एकावर एक दाबलेले असतात. वरून पाहून आतलं कळत नाही. म्हणून इथे माहिती अडवली की दुरुस्तीच अडते.

कंपन्यांची बाजू

कंपन्या सगळं वाईट हेतूनेच करतात असं म्हणणं बरोबर ठरणार नाही. रॅम झाळण्याला खरं कारण आहे. कमी वीज खाणाऱ्या वेगवान रॅमला प्रोसेसरपासूनचं अंतर फार कमी लागतं. खाच मध्ये आली की संकेत बिघडतो. बोटाच्या ठशाचा सेन्सर कोणीही बदलू शकला तर चोरालाही फोन उघडता येईल, ही भीतीही खोटी नाही.

पण यातली बरीचशी कारणं कायमची नसतात. डेलच्या कामातून पुढे आलेली आणि 2023 च्या अखेरीस प्रमाणित झालेली कॅम नावाची नवी रॅम सपाट असते, प्रोसेसरजवळ स्क्रूने बसते आणि वेगही देते. 2024 मध्ये लिनोवोने ती एका थिंकपॅडमध्ये वापरलीसुद्धा. 'शक्यच नाही' आणि 'आम्ही केलेलं नाही' यात फरक असतो. तो फरक ओळखणं हेच विद्यार्थ्याचं काम.

1981 चा धडा

ऑगस्ट 1981 मध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. त्यात जादा कार्डांसाठी पाच खाचा होत्या. सोबत विकत मिळणाऱ्या तांत्रिक पुस्तकात सर्किटचे आराखडे छापलेले होते. बायोस म्हणजे यंत्राला जागं करणारी पहिली आज्ञावली. तीही त्यात होती, पण तिच्यावर कॉपीराइट होता. कॉम्पॅक कंपनीने वेगळी युक्ती केली. एका गटाने बायोस काय काय करतं एवढंच लिहून काढलं. मूळ आज्ञावली कधी न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्यावरून नवी लिहिली. नक्कल न करता तेच काम करणारा बायोस तयार झाला आणि इतरांनाही वाट मोकळी झाली.

आपल्याकडचा 'असेंबल्ड कॉम्प्युटर' हे त्याच वाटेवरचं फळ. कॅबिनेट एकाचं, मदरबोर्ड दुसऱ्याचा, रॅम तिसऱ्याची. एक भाग गेला तर तेवढाच बदलायचा. 1987 मध्ये आयबीएमने पीएस/2 काढून त्यात स्वतःच्या मालकीची नवी खाच आणली. ती वापरायची तर इतरांनी पैसे मोजायचे. तेव्हा नऊ प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी आपली वेगळी खाच ठरवली. पुढे आयबीएमची खाच मागे पडली. उघडं दार पुन्हा लावून घेणं तिलाही जमलं नाही.

खुले पर्याय

खुलेपणाच्या पायऱ्या असतात. पहिली पायरी, सहज उघडणारं यंत्र. 2021 मध्ये बाजारात आलेला फ्रेमवर्क लॅपटॉप हे त्याचं उदाहरण. सोबत स्क्रू ड्रायव्हर येतो, आतल्या भागांवर कोड छापलेले असतात आणि मदरबोर्ड बदलून जुन्याच सांगाड्यात नवा प्रोसेसर बसवता येतो. काही भागांचे आराखडे कंपनीने खुले केले आहेत, सगळे नाहीत. तिच्याच 2025 च्या डेस्कटॉपमध्ये रॅम मात्र झाळलेली आहे!

दुसरी पायरी, आराखडाच खुला. बर्लिनमध्ये बनणारा एमएनटी रिफॉर्म हा लॅपटॉप तसा आहे. त्याच्या पुस्तिकेतच सर्किटचे आराखडे छापलेले आहेत. बॅटरीसाठी सुटे गोल सेल आहेत, टॉर्चमध्ये घालतो तसे. पण तो महाग आहे, जाड आहे आणि पहिल्या मॉडेलचा वेग आपल्या साध्या लॅपटॉपहूनही कमी. खुलेपणाची किंमत आज अशी मोजावी लागते.

तिसरी पायरी, प्रोसेसरची भाषा खुली. बर्कले विद्यापीठात 2010 मध्ये सुरू झालेली रिस्क-फाइव्ह ही अशी आज्ञांची भाषा. तिच्यावर आयआयटी मद्रासने 'शक्ती' हे प्रोसेसर केले आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 'वेगा'. इथे एक घोळ टाळायला हवा. भाषा खुली म्हणजे चिप खुली असं नाही. देवनागरी लिपी कोणाच्याही मालकीची नाही, पण तिच्यात लिहिलेल्या कादंबरीचा हक्क लेखकाकडे राहतो. तसंच हे. 'शक्ती'ने मात्र आपला आराखडाही खुला ठेवला आहे.

कायदा कुठवर आला?

आपल्या देशात या प्रश्नाला तोंड फुटलं ते गाड्यांवरून. 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना न दिल्याबद्दल 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटींचा दंड लावला. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण मुद्दा नोंदला गेला. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. फ्रान्ससारखा गुणांक कसा असावा याचा एका समितीचा अहवालही 2025 मध्ये आला. बाहेर पाहिलं तर अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने 2024 मध्ये क्रमांक जुळवण्याच्या कुलपावरच बंदी घालणारा कायदा केला. युरोपात फेब्रुवारी 2027 पासून वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी बॅटरी देण्याचा नियम लागू होतो आहे.

हे का हवं? 2022 या एका वर्षात जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद असलेला भाग चौथ्या हिश्श्याहूनही कमी. मैत्रिणीचा लॅपटॉप तिळाएवढ्या कपॅसिटरसाठी त्याच ढिगात जाणार होता.

आपल्या हातात काय आहे?

लॅपटॉप घेताना रंग आणि वजन नंतर बघा. दुकानदाराला आधी हे विचारा: रॅम खाचेत आहे की झाळलेली? एसएसडी बदलता येते का? बॅटरी स्क्रूने बसवली आहे का? कंपनीच्या संकेतस्थळावर या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल आहे का? ऑफिसांसाठी बनणाऱ्या लॅपटॉपची मॅन्युअल बहुतेक मोठ्या कंपन्या फुकट देतात. म्हणून असा वापरलेला, तपासून घेतलेला लॅपटॉप पुष्कळदा नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा जास्त टिकतो.

आणि मंडळासाठी एक सूचना. या मॅन्युअल इंग्रजीत असतात. अण्णांचं ज्ञान मराठीत आणि कानडीत आहे, पण ते कुठेच लिहिलेलं नाही. आपण मंडळातले चार जण दर महिन्याला एका दुकानात बसून एक दुरुस्ती नीट लिहून काढू शकतो. बॅटरी कशी बदलायची, पंखा कसा साफ करायचा, फुगलेली बॅटरी ओळखून ती का दाबायची नाही. झाळणे, खिटी, खाच, नकाशा हे शब्द आपल्याकडे आहेतच. पहिल्या नोंदीसाठी अण्णा तयार आहेत, मी विचारलं आहे. ज्यांना यायचंय त्यांनी नाव द्यावं.

अभ्यासासाठी प्रश्न

1. तुमच्या लॅपटॉपला किंवा फोनला वरचे पाच प्रश्न विचारा. प्रत्येकाला 2 गुण धरून 10 पैकी किती पडतात?
2. चार कुलपांपैकी कोणतं ग्राहकाच्या भल्याचं असू शकतं? कोणत्या अटीवर?
3. आयबीएमने आराखडे छापले नसते, तर आपल्या गावात असेंबल्ड कॉम्प्युटरची दुकानं उभी राहिली असती का? कारणांसह लिहा.