एआय चित्रांसाठी कम्फीयूआयचे वर्कफ्लो टेम्पलेट : काय करावे, काय टाळावे

काय करावे

- एका कामाला एक टेम्पलेट ठेवा: मुखपृष्ठाचे वेगळे, वस्तूच्या फोटोची पार्श्वभूमी बदलण्याचे वेगळे, जुना फोटो मोठा करण्याचे वेगळे.
- फाइलच्या नावात काम, मॉडेल आणि तारीख लिहा. तारीख वर्षापासून सुरू करा, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात.
- चेकपॉइंट, लोरा आणि व्हीएई यांची पूर्ण नावे, ती जिथून उतरवली त्या जागेसह, टेम्पलेटमधल्या नोट नोडमध्येच लिहा; जेसन फाइलमध्ये मॉडेलचे फक्त नाव असते, मॉडेल नसते.
- लोड इमेजमध्ये वापरलेली चित्रे सोबत द्या; त्यांचेही नावच जेसनमध्ये जाते.
- प्रत्येक कस्टम नोडची आवृत्ती नोंदवा आणि अपडेट करण्याआधी कम्फीयूआय मॅनेजरमधून स्नॅपशॉट घ्या; नोड बिघडला तर मागे फिरता येते.
- टेम्पलेट दुसऱ्याकडे सोपवताना सीड ‘फिक्स्ड’वर ठेवा आणि त्या सीडवर निघालेले एक चित्र जोडा, समोरच्याकडे जवळपास तेच निघाले तर काही सुटलेले नाही.
- प्रॉम्प्ट, सीड आणि माप यांचा गट डावीकडे करा, त्याला मराठीत नाव द्या. नव्या माणसाने फक्त तिथेच हात लावावा.
- माप मॉडेलप्रमाणे ठेवा: एसडी (स्टेबल डिफ्युजन) १.५ ला ५१२ × ५१२, एसडीएक्सएलला १०२४ × १०२४ च्या आसपास. मोठे चित्र हवे तर नंतर अपस्केल करा, एसडी १.५ वर सुरुवातच मोठ्या मापाने केली तर एका माणसाला दोन डोकी येऊ शकतात.
- मराठी शीर्षकासाठी चित्रात जागा मोकळी सोडा आणि अक्षरे नंतर मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फॉन्टने बसवा. एसडी १.५, एसडीएक्सएलसारखी मॉडेल जोडाक्षरे मोडतात, वेलांट्या भलत्या अक्षरावर चढवतात. असे चित्र निमंत्रणपत्रिकेवर किंवा दिवाळी अंकावर जाता कामा नये.
- साधी जेसन आणि एपीआयसाठी काढलेली जेसन, दोन्ही जपा. एपीआयच्या प्रतीत नोडांची मांडणी, गट आणि नोटा राहत नाहीत.
- जेसन गिटमध्ये ठेवा. कोणता आकडा कधी बदलला ते दिसते.
- मॉडेलचा परवाना नोटमध्ये लिहा: फ्लक्स श्नेल अपाची २.० खाली आहे, फ्लक्स डेव्हला बिगरव्यावसायिक परवाना आहे. गिऱ्हाइकाचे काम घेण्याआधी तो पूर्ण वाचा.

काय टाळावे

- मूळ टेम्पलेटवर काम करू नका. आधी प्रत काढा.
- काम हातात असताना काहीही अपडेट करू नका.
- पीएनजी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, आतला वर्कफ्लो पुसला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा सरळ जेसन द्या.
- गिऱ्हाइकाला मूळ पीएनजी देऊ नका; ती कम्फीयूआयच्या खिडकीत ओढून टाकली की प्रॉम्प्टसकट सगळी मांडणी उघडी होते. द्यायची चित्रे मेटाडेटा बंद करून काढा.
- एपीआय की किंवा पासवर्ड नोडच्या रकान्यात लिहू नका. फाइलबरोबर तेही बाहेर जाते.
- आलेल्या टेम्पलेटमध्ये नोड लाल दिसले (म्हणजे ते तुमच्याकडे नाहीत) म्हणून सगळे एका फटक्यात इन्स्टॉल करू नका. कस्टम नोड म्हणजे तुमच्या संगणकावर चालणारा पायथन कोड: जून २०२४ मध्ये एलएलएमव्हिजन नावाच्या नोडमध्ये ब्राउझरमधले पासवर्ड चोरणारा कोड सापडला होता. नोड कुणी लिहिला, किती दिवसांपासून वापरात आहे, हे पाहा. खात्री नसेल तर तो नोड वगळून टेम्पलेट पुन्हा जुळवा.
- सीकेपीटी फाइल घेऊ नका, तिच्यात घातक कोड लपवता येतो, सेफटेन्सर्स घ्या.
- एसडी १.५ ची लोरा एसडीएक्सएलला जोडू नका; ती लागू होत नाही.
- एसडीएक्सएलचा सीएफजी ७ फ्लक्स डेव्हच्या टेम्पलेटमध्ये तसाच नेऊ नका. तिथे सीएफजी १ ठेवा आणि फ्लक्स गायडन्स ३.५ च्या आसपास.
- बायपास केलेले नोड साचू देऊ नका.
- ८१८८ पोर्ट इंटरनेटवर उघडे सोडू नका. कम्फीयूआय स्वतःहून पासवर्ड विचारत नाही.
- कुणाचाही चेहरा त्याच्या संमतीशिवाय नमुना चित्र म्हणून टेम्पलेटला जोडू नका, मग तो घरातल्याचा असो की शेजाऱ्याचा. फाइल पुढे कुणाकुणाकडे जाईल ते तुमच्या हातात राहत नाही.