पाइप दोन इंची असेल तर

वाळवा तालुक्यात नदीवरून पाइपलाइन आणलेल्या कुणालाही विचारा. मोटार कितीही अश्वशक्तीची बसवा, मधला एक तुकडा दोन इंची राहिला की रानात पाणी दोन इंचीच पडतं. इस्लामपुरात हल्ली नवा बंगला बांधला की वरच्या मजल्यावर होम थिएटरची एक खोली निघते. अशा खोल्यांत मला अधूनमधून बोलावणं येतं, कारण माझ्या घरी सिनेमांचा सर्व्हर आहे आणि तो चालतो. बोलावणाऱ्याची तक्रार ठरलेली असते: एवढे पैसे घातले, तरी चित्र अडतं. तो ज्या पेटीकडे बोट दाखवतो ती पेटी बहुतेक वेळा निर्दोष असते.

आधी आकडे. फोर-के ब्लू-रे डिस्क २०१६ मध्ये बाजारात आली. ती ५०, ६६ किंवा १०० जीबीची असते आणि सेकंदाला कमाल १२८ मेगाबिटपर्यंत माल सोडते. नेटफ्लिक्स फोर-के साठी १५ मेगाबिटचा वेग पुरेसा मानतं. म्हणजे ‘माझ्याकडे नेटफ्लिक्स झकास चालतं’ यावरून डिस्कइतका माल सोडणारा घरचा सर्व्हर चालेलच असं काही ठरत नाही.

माझ्याकडे संथ, अंधारी दृश्यं बिनबोभाट चालायची. पडद्यावर पाऊस, धूर किंवा जुन्या फिल्मचे दाणे आले की चित्र थबकायचं. विक्रेत्याचं निदान तयार होतं: सर्व्हर कमी पडतोय, वरचं मॉडेल घ्या. मी टीव्हीची लॅन केबल काढून लॅपटॉपला लावली, तर वेग नऊशे मेगाबिटच्या वर. केबल ठीक, राउटर ठीक, सर्व्हर ठीक. दोन इंची तुकडा टीव्हीच्या पाठीमागे होता. चांगल्या महागड्या टीव्हींनाही लॅन पोर्ट बहुधा १०० मेगाबिटचंच असतं, आणि ही गोष्ट माहितीपत्रकात ठळक अक्षरांत कुणी छापत नाही. वायर काढून टीव्ही ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर घेतला आणि तोच सिनेमा सुरळीत चालला. पक्का उपाय वेगळा: गिगाबिट पोर्ट असलेला स्वतंत्र प्लेअर घ्यायचा आणि टीव्हीकडून फक्त पडद्याचं काम घ्यायचं.

दुसरी गंमत सबटायटलची. आईला परदेशी नटांचे उच्चार कळत नाहीत, अक्षरं मात्र ती भराभर वाचते. सबटायटल चालू केलं की चित्र अडखळायचं, बंद केलं की नीट. डिस्कवरची सबटायटलं म्हणजे अक्षरं नसतात, अक्षरांची चित्रं असतात. टीव्हीतल्या ॲपला ती दाखवता आली नाहीत तर सर्व्हर ती सिनेमावर चिकटवतो, आणि त्यासाठी अख्खा फोर-के व्हिडिओ चालता चालता नव्याने बनवतो. त्यात त्याचा जीव जातो, शिवाय रंग फिके पडतात ते वेगळंच. म्हणून दुकानात प्लेअर बघायला जाल तेव्हा सबटायटल लावूनच बघा. झगमगीत डेमो क्लिप दाखवतील, तिला भुलू नका. प्लेअरमध्ये फ्रेम-रेट आपोआप जुळवायची सोय आहे का तेही तपासा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. प्लेअरने तो ६० वर ओढला की कॅमेरा आडवा फिरताना चित्र हिसके देतं.

आवाजाचं थोडक्यात. टीव्हीतून साउंडबारला जाणारी जोडणी साधी ‘आर्क’ असेल तर डिस्कवरचा पूर्ण आवाज तिच्यातून जात नाही, ‘ई-आर्क’ लागतं. नाहीतर प्लेअर थेट ॲम्प्लिफायरला जोडायचा.

भिंतीतल्या वायरीचं मात्र सविस्तर सांगतो, कारण प्लास्टर झाल्यावर अक्कल येऊन उपयोग नसतो. प्रोजेक्टर बारा-पंधरा मीटर लांब असेल तर तांब्याच्या एचडीएमआय केबलचा भरवसा नाही. फोर-के एचडीआरला १८ गिगाबिटपर्यंतची वाट लागते, तेव्हा ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. ही केबल एकाच दिशेने चालते. एका टोकावर ‘सोर्स’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’. आमच्या वायरमनने ती कन्सील पाइपमधून सफाईने ओढली, पण उलटी. पडदा काळा. परत काढावी तर तिचं डोकं पाऊण इंची पाइपच्या एल्बोत अडकलं, आणि शेवटी नव्या रंगावर छिन्नी चालली. दीड इंची पाइप टाका, वळणं गोल ठेवा आणि आत एक नायलॉनची दोरी कायमची राहू द्या. केबल भिंतीत घालण्याआधी जमिनीवर पसरून, दोन्हीकडे जोडून, एक पूर्ण सिनेमा बघून घ्या.

आता विजेचं. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी गडगडाट सुरू झाला की आमच्या गल्लीत लाइट जाते, येते, पुन्हा जाते. हार्ड डिस्क लिहीत असताना असं झालं की नवी फाइल तर बिघडतेच, कधी कधी सगळी यादीच विस्कटते. सर्व्हरला यूपीएस हवाच, आणि तो यूएसबीने सर्व्हरला जोडलेला हवा, म्हणजे बॅटरी उतरायच्या आत सर्व्हर स्वतःच शिस्तीत बंद होतो. घरातल्या जुन्या स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर ही यंत्रं टाकू नका. अर्थिंग खरंच जमिनीत गेलंय की नुसतं बोर्डापर्यंत आलंय, ते वायरमनला मीटर लावून दाखवायला सांगा. आणि काचेच्या बंद शोकेसमध्ये सर्व्हर ठेवायचा मोह आवरा. एप्रिल-मेमध्ये तिथं डिस्क शिजतात, वर उबेला पाली येतात.

खर्चाआधीचा खरा प्रश्न वेगळाच आहे: तुम्ही बघणार काय? माझ्या कपाटात मराठी फोर-के डिस्क एकही नाही. घरात मुख्यतः मराठी सिनेमे आणि मालिका बघितल्या जात असतील तर चांगला टीव्ही आणि फायबर पुरे, सर्व्हरचे पैसे वाचवा. परदेशातून कुणी डिस्क आणणार असेल तर फोर-के डिस्कला प्रदेशाचं बंधन नसतं. साध्या ब्लू-रेला असतं, आणि आपण ‘सी’ विभागात येतो.

‘हजार सिनेमे भरून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५ए कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने डिस्कचं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अमेरिकेतली कॅलिडेस्केप ही घरच्या सिनेमा-सर्व्हरच्या धंद्यातली एक अत्यंत महागडी कंपनी. डीव्हीडी सर्व्हरवर उतरवण्यावरून तिच्यावर २००४ मध्ये दावा झाला, तो २०१४ मध्ये तडजोडीने मिटला. आता ती मुख्यतः स्वतःच्या ऑनलाइन दुकानातून सिनेमे विकते. अशी यंत्रणा घ्यायची असेल तर भारतीय पत्त्यावर त्या दुकानातून काय विकत मिळतं ते आधी लेखी घ्या. कंपनी उद्या असेल का, हेही विचारा. ओप्पोचे डिस्क प्लेअर जगात नावाजलेले होते. २०१८ मध्ये कंपनीने ते बनवणं सोडून दिलं.

शेवटी साठवण. चार डिस्कचा ‘रेड’ संच म्हणजे बॅकअप, असं विक्रेते सर्रास सांगतात. एक डिस्क मेली तर तो वाचवतो हे खरं, पण डिशच्या वायरीतून वीज आत शिरली तर चारही एकदम जातात. दुसरी प्रत दुसऱ्या घरात हवी. माझी कराडला भावाकडे असते. मात्र सगळ्या सिनेमांची प्रत काढत बसू नका, ते पुन्हा विकत मिळतील. लग्नाच्या, बारशाच्या, आजोबांच्या साठीच्या व्हीएचएस कॅसेटी कपाटात असतील तर पहिला मान त्यांचा. अख्खं लग्न काही जीबीत मावतं, एका फोर-के सिनेमाच्या जागेत डझनभर समारंभ बसतात. आणि याला घाई आहे. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. चालू व्हीसीआर आणि त्याचं हेड साफ करणारा माणूस ओळखीत आहे तोवर कॅसेटी उतरवून घ्या, सर्व्हर नंतर बघू.